सील नाही, बुश गेला होता

अण्णा, नमस्कार.

फोन तुम्ही फक्त उचलायला वापरता, तेव्हा हे पत्र नातवाकडून वाचून घ्या.

वर्षभरात माझ्या बुलेटच्या पुढच्या शॉकअपची सीलं, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, मी दोनदा बदलली होती. गॅरेजवाल्याचं ठरलेलं उत्तर, "सोलापूरची धूळ आहे, सील जाणारच." मलाही पटायचं. तिसऱ्यांदा पाइपवर तेलाचा ओघळ आला तेव्हा तुमच्या दारात गाडी लावली. तुम्ही सीलकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचं चाक उचललं, आधी कोनसेट (हँडलचं बेअरिंग) तपासला, मग बॉटम, म्हणजे शॉकअपचा खालचा नळा, धरून मागेपुढे ओढलं. खट! "पाइपच आत डुलतोय. डुलत्या पाइपला सील काय धरणार?"

उभा जन्म टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून काढलेला माणूस. खटखट कुठली, हे तुमच्या कानाला सांगावं लागत नाही.

पाइप आणि बॉटमच्या मधले बुश, म्हणजे पातळ धातूच्या कड्या, झिजले होते. नवे यायला आठवडा गेला. (आपल्या गाडीला ते सुटे मिळतात हे नशीब. कित्येक लहान गाड्यांत पाइप सरळ ॲल्युमिनिअमच्या बॉटममध्येच सरकतो, तिथं झीज झाली की बॉटमच बदला.) त्या रविवारी स्प्रिंग काढली, करडं झालेलं जुनं तेल ओतून टाकलं, खालचा ॲलन बोल्ट सोडला आणि तुम्ही म्हणालात, "आता पाइप धर आणि हिसके मार." मी मारतोय, मारतोय, काही हलेना. तुम्ही शांतपणे बिडी विझवली आणि सीलवरची तारेची क्लिप दाखवली. तशीच राहिली होती! ती काढल्यावर चौथ्या हिसक्याला सील, वॉशर, वरचा बुश सगळं एकदम हातात. खालच्या बुशाचा करडा टेफ्लॉनचा थर पुढून आणि मागून पार गेलेला, आतलं तांबूस ब्राँझ चमकत होतं. डाव्या-उजव्या बाजूंना मात्र थर जवळजवळ नव्यासारखा. "ब्रेक मारला की जोर पुढंमागंच येतो," एवढंच बोललात.

नवं सील घालताना पाइपच्या तोंडावर दुधाची पिशवी चढवून तेल लावायला लावलंत, तोंडाच्या कडेनं सीलचा ओठ फाटू नये म्हणून. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तेलाची पातळी मात्र तुम्ही माझ्यावर सोडली नाहीत. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, दोन्हीकडे पट्टी घालून स्वतः मोजलंत.

काल तुळजापूरला जाऊन आलो. घाटात ब्रेक दाबला, खट नाही. परत आल्यावर पाइपवर बोट फिरवलं, कोरडं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून हे जाहीर आभार. आणि सील ठोकायचा तुमचा पीव्हीसीचा तुकडा माझ्याच डिकीत राहिलाय. रविवारी आणून देतो.

तुमचा,
डाव्या गल्लीतला बुलेटवाला