चंदीगडहून पत्र

ती. आई-बाबांना, साष्टांग नमस्कार.

बाबा, ‘वर्गात पुस्तकापुरतंच शिकव, युद्धाबिद्धावर बोलू नकोस’ हे तुमचं परवाचं फोनवरचं बोलणं मनातून जात नाही. ही काळजी कुठून आली ते मला कळतं. भारत-पाकिस्तान लढाईबद्दलच्या समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून हरियाणातल्या एका प्राध्यापकांना 18 मे 2025 रोजी अटक झाली आणि तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. तशाच पोस्टवरून अटक झालेल्या पुण्यातल्या त्या 19 वर्षांच्या मुलीला तर तुरुंगातून परीक्षेला बसवायला मुंबई उच्च न्यायालयाला मधे पडावं लागलं. आपली मुलगीही हेच विषय शिकवते म्हटल्यावर तुम्हाला झोप कशी लागणार?

पण बाबा, हे सगळं माझ्या पुस्तकातच आहे. सिंधू पाणीवाटप करार 1960 चा. रावी, बियास, सतलज आपल्या वाट्याला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानच्या. 1965, 1971 आणि कारगिल, तिन्ही वेळा हा करार टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर आपण तो 23 एप्रिलला स्थगित केला आणि दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानने 1971 च्या युद्धानंतरचा सिमला करार स्थगित ठेवण्याचा हक्क सांगितला. दरवर्षी मी हे दोन्ही करार शिकवते. यंदा मुलं ते पेपरात वाचून वर्गात आली. त्यांनी विचारल्यावर मी काय सांगू, अभ्यासक्रमात नाही?

आई, पहलगामच्या हल्ल्यात गेलेल्या डोंबिवलीतल्या त्या तिघांच्या अंत्यदर्शनाला तू भागशाळा मैदानावर गेली होतीस. तुझा रडवेला आवाज कानात घेऊनच मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. काश्मीरमधल्या त्या हल्ल्यात 26 माणसं मारली गेली. ज्यांनी मारलं त्यांना शिक्षा झालीच पाहिजे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्याच दिवशी माझा एक काश्मिरी विद्यार्थी वर्गात आला नाही. काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण होत असल्याच्या बातम्या येत होत्या, म्हणून तो खोलीबाहेर पडत नव्हता. मी फोन केला, दोन वर्गमित्रांना त्याच्याकडे पाठवलं. तिघं एकत्र आले आणि एकाच बाकावर बसले. मला ते फार मोलाचं वाटलं.

मग मे महिन्यात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली आणि 8 मेच्या रात्री इथे ब्लॅकआऊट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सायरन वाजले, परीक्षा पुढे गेल्या, वसतिगृहं निम्मी रिकामी झाली. ब्लॅकआऊटच्या त्या रात्री वाहिन्या पाकिस्तानातलं कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ओरडून सांगत होत्या, आणि सकाळी बंदर जागच्या जागी होतं. व्हिडिओ गेममधली दृश्यं लढाई म्हणून फिरत होती. हे पाहून मला मनापासून संताप आला, कारण अंधारात बसलेल्या माणसाला त्या रात्री खऱ्या बातमीची सगळ्यात जास्त गरज होती.

शस्त्रसंधीनंतरच्या आठवड्यात उरलेली मुलं शंका विचारायला विभागात आली. मी फळ्यावर चार रकाने आखले: स्वतः पाहिलं, घरच्यांनी सांगितलं, सरकारने जाहीर केलं, कुठूनतरी आलं. म्हटलं, त्या चार दिवसांत जे जे कळलं ते योग्य रकान्यात लिहा. चौथा रकाना भरून खालपर्यंत गेला, खडू बदलावा लागला. पहिला जवळजवळ कोरा. पूंछचा एक मुलगा उठला आणि दुसऱ्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘शेजारच्या घरावर गोळा पडला. अम्मीचा फोन.’ गुरदासपूरची एक मुलगी आहे, तिचे वडील सैन्यात. तिने त्याला विचारलं, घरचे आता कुठे आहेत? जम्मूला, मामांकडे, तो म्हणाला. मग ती दोघं बराच वेळ बोलत राहिली आणि मी मधे पडले नाही.

बाबा, मी काय शिकवते असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. कोणाची बाजू घ्यायची ते मुलं ठरवतील, मोठी आहेत ती. बाजू घेण्याआधी ‘हे तुला कोणी सांगितलं?’ एवढं विचारायची सवय लावणं माझं काम आहे. युद्धाच्या दिवसांत राजकारण्यांना हा प्रश्न नको असतो, दोन्हीकडच्या. म्हणून तर तो वर्गात विचारला गेला पाहिजे. पोस्ट मी लिहीत नाही, तेवढा तुमचा शब्द ठेवते. वर्गाबद्दल मात्र तसा शब्द देता येणार नाही.

एक काम सांगते. 1971 च्या डिसेंबरात तुम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवायचात, रेडिओला कान लावून बसायचात, हे लहानपणी कितीदा ऐकलंय. ते सविस्तर लिहून पाठवा. तेव्हा बातमी कशी कळायची, अफवा कोणत्या होत्या, सगळं. जुलैत नवी मुलं येतील, त्यांना मला ते वाचून दाखवायचंय. हिंदीत मी करून घेईन.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, येताना आणते. जूनअखेरचं पश्चिम एक्सप्रेसचं तिकीट काढलंय.

तुमची,
मंजू