सात पट्ट्यांची सरळ रेघ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

वक्र काढणाऱ्या जोडण्या, म्हणजे खिळींवर फिरणाऱ्या पट्ट्यांच्या यंत्रणा, करायच्या म्हणतोस, तर सुरुवात पोसेलिएच्या जोडणीपासून कर. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटच्या १७८४ च्या जोडणीनं रेघ जवळजवळ सरळ येत होती. पोसेलिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानं १८६४ मध्ये ती गणितानं नेमकी सरळ करून दाखवली.

पट्ट्या ३ मि.मी. अ‍ॅक्रिलिकच्या, १५ मि.मी. रुंद. भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत २६० च्या दोन आणि १०० च्या पाच. चार आखूड पट्ट्यांचा समभुज चौकोन. त्याच्या समोरासमोरच्या क आणि ख कोपऱ्यांना लांब पट्ट्या, त्यांची दुसरी टोकं फळीवरच्या अ खिळीत. चौकोनाचा अ कडचा कोपरा प, पलीकडचा फ. फ मध्ये पेन. पाचवी पट्टी म या स्थिर खिळीपासून प पर्यंत, आणि म-अ अंतरही तेवढंच, १००. अप × अफ कायम २६०² − १००², म्हणजे ५७,६०० राहतो. प हा अ मधून जाणाऱ्या वर्तुळावर फिरतो, म्हणून फ अ पासून २८८ मि.मी. वर सरळ धावतो.

लांबी १०० ऐवजी १००.४ आली तरी बिघडत नाही, पट्ट्या आपसात सारख्या हव्यात. म्हणून पाचही एकावर एक आवळून एकदमच भोकं पाड, आणि फळीवर अ, म ची भोकंही त्याच पट्टीवरून उतरव. मोजपट्टीनं मोजून पाडू नकोस, चूक तिथेच शिरते.

थर लावताना लक्ष दे. रेघेच्या टोकांकडे जाताना लांब पट्टी म च्या वरून सरकते, तेव्हा उभा बोल्ट असेल तर अडकते. फिरती म-प पट्टी सर्वांत खाली, म ला सपाट माथ्याचा स्क्रू. वर कप-खफ एका थरात, खप-कफ दुसऱ्यात. लांब पट्ट्या सगळ्यांत वर, अ खाली पोकळ नळीचा आधार. हिशेबानं रेघ ४३२ मि.मी. भरते, पण टोकाला चौकोन चपटा होऊन क-ख एकमेकांवर आदळतात. ३६० वर थांब. प मधला ढिलेपणा मध्यावर दीडपट आणि टोकाला दुप्पट होऊन पेनात उतरतो, त्यामुळे बोल्टच्या आट्यांवर पट्टी फिरू देऊ नकोस, पितळी नळी घाल.

जाता-येताना दोन रेघा उमटल्या तर ढिलेपणा. एकच पण बाकदार आली तर म-प आणि म-अ असमान: टोकं अ कडे वळली तर म-प मोठी. फक्त १ मि.मी. जास्त झाली तरी मध्ये अर्ध्या मि.मी.हून जास्त बाक येतो.

हाच दोष मला फार मोलाचा वाटतो. फिरती पट्टी थोडी लांब काप, ११० वर आणखी एक भोक पाड आणि प तिथे अडकव: टेबलावर बसून सुमारे ३ मीटर त्रिज्येचा कंस निघतो.

तुझा,
विनय