१५ ऑगस्टच्या सहभोजनाविषयी सूचना

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

दरवर्षीप्रमाणे १५ ऑगस्ट रोजी सकाळी ८ वाजता ध्वजवंदन होईल आणि दुपारी १२ वाजता आपल्या गल्लीची पंगत बसेल. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा इंदूर होळकर संस्थानात होते आणि १९४८ साली ते मध्य भारतात विलीन झाले. तो काळ पाहिलेले मोजकेच ज्येष्ठ आज आपल्यात आहेत, म्हणून पहिल्या पंगतीचा मान त्यांचाच राहील आणि त्यांना घरून आणण्याची जबाबदारी तरुण सभासदांनी आवर्जून घ्यावी.

मसालेभात, अळूची भाजी, कोशिंबीर, पुरी आणि जिलेबी मंडपातच तयार होईल. या दिवसांत कोवळे मके मुबलक मिळतात, त्यामुळे भुट्ट्याचा कीस मात्र घरोघरी करून आणावा, कारण प्रत्येक घरच्या किसाची चव निराळी असते आणि तीच आपल्या पंगतीची खरी शोभा आहे. श्रावणाचा उपवास असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने वाढली जाईल. आपली संख्या आधी कळवावी.

जेवण पत्रावळीवरच वाढले जाईल. प्रत्येकाने पाण्याचा पेला घरून आणावा आणि ओला व सुका कचरा वेगळा टाकावा. प्लास्टिकचे झेंडे कृपया आणू नयेत, ते नंतर पायदळी येतात आणि ते पाहवत नाही.

पाऊस असल्यास पंगत सभागृहात दोन फेऱ्यांत बसेल. वाढपासाठी इच्छुकांनी १३ ऑगस्टपर्यंत नावे द्यावीत.

— व्यवस्था समिती