फ्रेम रिलेच्या प्रात्यक्षिकात बिघाड शोधायला लावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की आमच्या गल्लीतील संगणक शाखेचे एक-दोन विद्यार्थी जर्नल घेऊन माझ्याकडे येतात. यंदा आलेल्या मुलीकडे दोन राउटर फ्रेम रिलेने, म्हणजे दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून दूरची ठिकाणे जोडण्याच्या जुन्या तंत्राने, जोडण्याचे प्रात्यक्षिक होते. सगळ्या कमांड तिला तोंडपाठ होत्या, टंकताना एकही अक्षर चुकले नाही. मात्र जोडणीच्या वाटेला दिलेल्या क्रमांकाबद्दल ‘डीएलसीआयचा आकडा 102 च का?’ असे विचारल्यावर ‘सरांनी तोच दिलाय, काका’ एवढेच उत्तर मिळाले. यात तिचा दोष नाही, कारण परीक्षेत गुण त्या कमांडनाच आहेत.

हे तंत्रज्ञान आता वापरातून जवळजवळ गेले आहे. एमपीएलएस ही लेबल पाहून माहिती पुढे पाठवणारी पद्धत आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या व्हीपीएन, म्हणजे खासगी जोडण्या, यांनी त्याची जागा केव्हाच घेतली. म्हणून हा भाग वगळावा असे काही जण म्हणतात. ते मला पूर्ण पटत नाही. आयपी पत्ता वेगळा आणि ज्या वाटेने माहितीचे पाकीट (पॅकेट) जाते त्या वाटेचा क्रमांक वेगळा, ही गोष्ट इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे प्रात्यक्षिक माझ्या माहितीत नाही.

डीएलसीआय हा दहा बिटांचा आकडा असून वापरकर्त्याच्या वाट्याला साधारणपणे 16 ते 1007 येतात. तो साऱ्या नेटवर्कचा नसतो, फक्त राउटर आणि दूरसंचार कंपनीचा स्विच यांच्यामधल्या तारेपुरता असतो. जळगावच्या राउटरवर 102 आणि धुळ्याच्या राउटरवर 201 ही एकाच पीव्हीसीची (दोन ठिकाणांमधल्या कायमच्या आभासी जोडणीची) दोन टोके असू शकतात. नंदुरबारला पुन्हा 102 दिला तरी काही बिघडत नाही.

हे मला पुस्तकाने नव्हे, माझ्याच चुकीने शिकवले. नोकरीत असताना एका संस्थेची जळगाव-धुळे जोडणी सुरू करायला गेलो आणि धुळ्याच्या राउटरवर जळगावचा आकडा टंकून बसलो. इंटरफेस ‘अप’, प्रोटोकॉलही ‘अप’, आणि पिंग (पलीकडून उत्तर येते का हे पाहणारी हाक) पाचपैकी शून्य. अर्धा दिवस मी व्ही.35 केबल बदलण्यात आणि दूरसंचारवाल्यांशी फोनवर भांडण्यात घालवला. दिवस कलल्यावर ‘शो फ्रेम-रिले पीव्हीसी’ ही कमांड दिली, तेव्हा ‘डिलीटेड’ हा शब्द दिसला. प्रोटोकॉल अप दिसत होता, कारण स्विच आणि राउटर यांच्यातील एलएमआयचे बोलणे व्यवस्थित चालू होते. त्या बोलण्यात स्विच आपल्याकडच्या क्रमांकांची यादी कळवतो आणि मी टाकलेला क्रमांक त्या यादीतच नव्हता. तेथे ‘इनॅक्टिव्ह’ दिसले असते, तर आपल्या बाजूचा क्रमांक बरोबर असून खोट पलीकडे आहे, असे समजलो असतो. एका शब्दाच्या फरकावर धुळ्यात शोधायचे की जळगावला परतायचे हे ठरते, आणि पारोळा-एरंडोलमार्गे केलेला तो प्रवास ज्याने विनाकारण केला आहे त्याला या फरकाची किंमत कळते.

दुसरी खोट तीन राउटर जोडल्यावरच दिसते. जळगाव मध्यभागी, धुळे आणि नंदुरबार दोन बाजूंना, तिघांचे पत्ते एकाच सबनेटमधले (पत्त्यांच्या एकाच गटातले). दोन्ही गावांतून जळगाव पिंग होते, पण धुळ्याहून नंदुरबार होत नाही. डीएलसीआयवरून पलीकडचा आयपी पत्ता शोधणाऱ्या इन्व्हर्स एआरपीला पीव्हीसीच्या थेट पलीकडच्या टोकाचाच पत्ता कळतो. नंदुरबारचा पत्ताही जळगावकडे जाणाऱ्याच डीएलसीआयवर पाठवायचा, हे धुळ्याच्या राउटरला ‘फ्रेम-रिले मॅप’ कमांडने सांगावे लागते आणि नंदुरबारच्या राउटरला त्याच्या उलट. नाहीतर प्रत्येक जोडणीला वेगळे पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस (एकाच पोर्टचे आभासी भाग) आणि वेगळे सबनेट द्यावे; मॅपची कटकटच राहत नाही. जर्नलमध्ये दोनच राउटर असल्याने हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर कधी येतच नाही. (दूरसंचार कंपनीचे जाळे दाखवायला मध्ये काढलेला ढग मात्र सगळ्यांचा सुबक असतो, मे महिन्यात आमच्या जळगावात दिसणारा बहुधा तो एकमेव ढग.)

तेव्हा अभ्यास मंडळांना आणि परीक्षकांना माझी विनंती अशी आहे की हे प्रात्यक्षिक ठेवायचे असेल, तर कोऱ्या राउटरवर कमांड टंकून घेऊ नयेत. सिम्युलेटरमधील तयार जोडणीत एक चूक मुद्दाम करून ठेवावी: कोठे डीएलसीआयची अदलाबदल, कोठे एका टोकाला सिस्को कंपनीचे आणि दुसऱ्याला आयईटीएफ या मानक संस्थेचे एन्कॅप्स्युलेशन (पाकिटाचे वेष्टन), कोठे मॅपमधला ‘ब्रॉडकास्ट’ शब्द गाळून रूटिंगचे संदेश अडवलेले. विद्यार्थ्याने पडदा वाचून बिघाड कोणत्या टोकाला आहे ते आधी लिहावे, मग दुरुस्त करावे, आणि निम्मे गुण त्या लिहिण्याला असावेत. कमांड विसरली तर प्रश्नचिन्ह दाबून ती राउटरलाच विचारता येते.

अशा चार बिघडवलेल्या फाइली मी तयार केल्या आहेत. खान्देशातील कोणत्याही शिक्षकांना हव्या असल्यास त्यांनी आपल्या संपादकीय कार्यालयाकडे विचारणा करावी, मी त्या विनामूल्य देईन.

आपला,
एक निवृत्त नेटवर्क तंत्रज्ञ, जळगाव