आमच्या गटाच्या पाठीराख्यांना

कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संगणक, दोन्हींत लुडबुडणारे आम्ही पाचच विद्यार्थी. २०२४च्या १४ फेब्रुवारीला, गुलामीतून निसटून गुलामगिरीविरुद्ध लढलेले अमेरिकी नेते फ्रेडरिक डग्लस यांनी स्वतःच निवडलेल्या वाढदिवशी (गुलामाची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार!), त्यांचा पत्रव्यवहार टाइप करायला बसलो आणि इतके जण मदतीला आले की खोलीत खुर्च्या पुरेनात.

ग्रंथालयाची किल्ली उशिरापर्यंत आमच्याकडे ठेवणाऱ्या ताई, तुमचे आभार. गिचमिड कर्सिव्हमधलं एकेक अक्षर बोट ठेवून लावून देणाऱ्या आजोबांचेही. कॉफी कुणी आणली ते अजून कळलेलं नाही. आणि आंबेडकरांनी १९४६मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र मला पडद्यावर उघडून दाखवणारी सीनियर, तुला काय म्हणू? त्या रात्री घरी फोन करून आईला ते अख्खं मराठीत वाचून दाखवलं.