स्टरब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन: ज्यांची नावं कुठे लागत नाहीत, त्यांचे आभार

ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी मॅसॅच्युसेट्समध्ये ‘पॅन-मॅस चॅलेंज’ची सायकलफेरी निघते. स्टरब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन हा मोठा मार्ग सुमारे 300 किलोमीटरचा. 1980 साली 36 जणांनी ती सुरू केली. आज स्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला जातो. केमोच्या खुर्चीतून उठून सॅडलवर बसणाऱ्यांना कारण विचारावं लागत नाही: मिळालेलं औषध आधी कुणाच्या तरी पैशांवर तपासलं गेलं होतं.

ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काचेचा कण शोधणाऱ्या मेकॅनिकचे आभार. तो कण आत राहिला, तर नवी ट्यूबही थोड्याच वेळात पंक्चर होते. शेजारीशेजारी दोन भोकं दिसताच ‘हवा कमी होती, खड्ड्यात रिमनं चिमटा काढलाय’ म्हणत पंप हातात देणारीचे तर विशेष!

नुसतं पाणी ढोसणाऱ्याला अडवून खारट बिस्किटं देणाऱ्यांचेही आभार. अति पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं गरगरलं की माणूस उन्हाला दोष देतो आणि आणखी पाणी पितो.

केमोनं बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला ते कळत नाही. ज्यांनी स्क्रू फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणले, वर टेपचे दोन थर गुंडाळले, त्यांचे आभार.

आणि केप कॉड द्वीपकल्पावर समोरून वारा सुटल्यावर न बोलता पुढे झालेल्या त्या पाठींचे. त्यांच्या आडोशाला मागच्या चाकाला जागा मिळाली.