मी येथे खुशाल आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तळावरच्या सैनिकांच्या हालांचा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणत फोन तुझ्याकडे देतात, म्हणून आई, आज लिहायलाच बसले.

शनिवारी इथल्या, व्हर्जिनियातल्या स्टॅफर्डच्या रानात जाऊन आले. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२-६३ च्या हिवाळ्यात, उत्तरेकडच्या राज्यांच्या लाखावर सैनिकांचा तळ या टापूत पडला होता. पानगळीखाली अजून खड्डे दिसतात. फूट-दोन फूट जमीन उकरायची, भोवती कंबरेएवढे ओंडके रचायचे, फटी चिखलाने लिंपायच्या आणि वर तंबूचं कापड ताणायचं. एकेका झोपडीत चौघं. धुराड्याच्या तोंडाला रिकामं पिंप बसवायचे आणि तेच मधूनमधून पेट घ्यायचं. सरपणासाठी त्यांनी मैलोन् मैल झाडं तोडली. ज्यांची ती रानं होती, त्यांचे काय हाल झाले असतील!

बाबा, तुम्हाला रेशनचं ऐकायला आवडेल. माणशी रोज नऊ-दहा हार्डटॅक, म्हणजे पीठ-पाण्याची दगडासारखी बिस्किटं. बंदुकीच्या दस्त्याने फोडायची नाहीतर कॉफीत भिजवायची, जसं तुम्ही चहात बटर भिजवता तसं. पण यांच्या बिस्किटांतून टोके आणि अळ्या तरंगून वर यायच्या. त्या चमच्याने काढून टाकायच्या आणि कॉफी प्यायची. सोबत खारवलेलं डुकराचं मांस. भाजीचं नाव नाही, त्यामुळे हिरड्यांतून रक्त यायचं. कॉफी मात्र जीव की प्राण. समोर रॅपाहॅनॉक नदी, पलीकडे दक्षिणेची फौज. त्यांच्याकडे तंबाखू होती, कॉफी नव्हती. मग दोन्हीकडचे पहारेकरी फळकुटांच्या छोट्या होड्या करून कॉफी-तंबाखूची अदलाबदल करायचे. त्याच डिसेंबरात याच नदीकाठी फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत उत्तरेचे १२ हजारांवर जवान मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले होते.

आणि तरी गोळीपेक्षा तळच जास्त मारायचा. या युद्धात लढून मेलेल्या प्रत्येकामागे साधारण दोघं रोगाने गेले. हगवण, विषमज्वर, गोवर. खेड्यातली पोरं, लहानपणी गोवर न आलेली, गर्दीत आली आणि तापाने गेली. शौचाचे चर पाण्याच्या जवळ, कपडे ओले, अंगभर उवा. जानेवारीत सेनापतीने त्यांना पुन्हा चढाईला काढलं, तर पावसाने तोफा चिखलात रुतल्या आणि सगळे तसेच माघारी आले. नवा सेनापती जनरल हूकर आल्यावर ताजा पाव आठवड्यातून चार वेळा आणि कांदे-बटाटे दोनदा द्यायचा हुकूम निघाला. लेटरमन नावाच्या डॉक्टरांनी चरांवर रोज माती टाकायला लावली आणि झोपड्यांची छतं उघडून आत ऊन घ्यायला लावलं. तेवढ्यावर आजार उतरले. इतकं सोपं होतं ते, आणि त्याआधी किती पोरं गेली! मला त्या रानात उभं राहून रडू आलं.

पगार महिन्याला १३ डॉलर, तोही वेळेवर नाही. गावी बायका-पोरं वाट बघत. पुढे काळे सैनिक भरती झाले, तेव्हा त्यांना १० डॉलर, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून. गुलामी मोडायला लढणाऱ्यांना सात डॉलर हातात! काही पलटणींनी तो पगार घ्यायचाच नाकारला. समान पगाराचा कायदा व्हायला १८६४ चा जून उजाडला.

पण हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. त्या सैनिकांची पत्रं मी वाचते आहे, आणि त्यांतली कितीतरी एकाच वाक्याने सुरू होतात : हाती लेखणी घेऊन कळवतो की मी खुशाल आहे, तुम्हीही तसेच असाल. बाबा, हे तुमचंच वाक्य. "मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवत जा." निळं अंतर्देशीय, पत्ता मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल. आई ते मला वाचून दाखवायची आणि मी समजायची, बाबा मजेत आहेत. एका पत्रात "इकडे थंडी जरा आहे" एवढंच होतं. त्या वर्षी तुम्ही सुट्टीवर आलात तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. आईने मला "विचारू नकोस" म्हणून सांगितलं आणि मी आजवर विचारलं नाही.

आता विचारते. तंबूत किती जण होतात? स्टोव्हच्या धुराने खोकला यायचा का? रात्री पहाऱ्यावरून आल्यावर बूट निघायचे का? कोण तुमच्या शेजारी झोपायचा, आणि तो परत आला का?

डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा घेऊन येते आहे. आई, पत्र्याच्या ट्रंकेतली पत्रं पावसाळ्यात दमट झाली असतील. एखाद्या दुपारी ओसरीवर पसरून त्यांना ऊन दाखव, पण क्रम मोडू नकोस. मी आल्यावर एकेक वाचते. बाबांनी फक्त शेजारी बसायचं.

तुमची,
धाकटी